अर्धा कोयता थाळी

"मावशी, इकडून नाही. भाकरीवाल्या बायका मागून येतात. मागं गेट आहे."

हे माझ्या आईला ऐकवलं गेलं. नगरमध्ये, सावेडीकडच्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात, रविवारी भर दुपारी. हॉटेलचं नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला? मी स्कूटी लावून मागून येत होते. दारात काळा शर्ट घातलेला मॅनेजर उभा होता. त्याने आईकडे धड पाहिलंही नाही. नुसता हात केला, दारात आलेली शेळी हाकलतात तसा.

आणि आई वळली. भिंतीच्या कडेने मागच्या गेटाकडे चालायला लागली. तिला त्यात काही वावगंच वाटलं नाही. मागून या म्हणाले, मागून जायचं. मॅनेजरचा राग मला नंतर आला. आधी मला त्या वळण्याचा राग आला.

"आई!" मी ओरडले. पायऱ्यांवर फोटो काढणारं एक कुटुंब थांबून बघायला लागलं. मी मॅनेजरसमोर गेले. "ती माझी आई आहे. आम्ही जेवायला आलोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी पँट, माझा गॉगल, माझ्या हातातली किल्ली. मग त्याचा चेहरा बदलला. "सॉरी मॅडम, गैरसमज झाला. आमच्याकडं चुलीवर बसायला अशाच मावश्या असतात ना."

अशाच. आईने त्या दिवशी पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसलं होतं. लग्नाकार्यातच ते बाहेर यायचं. हॉटेलात जायचं म्हणून ती पाथर्डीकडून एसटीने येताना ते पिशवीत घालून घेऊन आली, माझ्या खोलीवर नेसली, मला दोनदा विचारलं, "बरं दिसतंय ना गं?" आणि तेच लुगडं बघून या माणसाने तिला मागच्या दाराला लावलं. कारण आत चुलीवर ज्या बायका बसवतात त्यांना हॉटेलवाले असंच हिरवं लुगडं नेसवतात. गिऱ्हाइकाला गावाकडचं वाटावं म्हणून.

आम्ही तिथं का गेलो होतो तेही सांगते. नागापूरच्या एमआयडीसीत मी कामाला आहे, पार्ट तपासायच्या खात्यात. कंपनीने मला कायम केलं. मी आईला फोनवर म्हणाले, काय पाहिजे ते माग. लुगडं माग, पैंजण माग. ती हसली. म्हणाली, "दुसऱ्याच्या हातची गरम भाकर खायची हाय मला. खुर्चीवर बसून. कुनीतरी म्हनावं, बाई तू बस, मी वाढते."

मी म्हणाले, ये की मग, मी करते. तर म्हणते, "तुझ्या हातची म्हंजी माझ्याच हातची. मीच शिकिवली ना तुला?"

खरं होतं. माहेरी हात काठवटीला पुरेना तेव्हापासून ती भाकरी थापतेय. सासरी थापल्या. ऊसतोडीला गेल्यावर अंधारात उठून थापल्या, फडक्यात बांधल्या, आणि दुपारी फडात बसून त्याच गार, कडक झालेल्या खाल्ल्या. सगळ्यांची ताटं झाल्यावर जी उरेल ती तिची. एवढं आयुष्य गेलं आणि बाईला गरम भाकरी माहीत आहे ती फक्त तव्यावर, बोटांना चटका देणारी. म्हणून मी हे हॉटेल शोधलं. मोबाईलवर लिहिलं होतं, चुलीवरची गरमागरम भाकरी, अस्सल गावरान.

आत गेलो आणि माझं डोकं सणकलं. उसाच्या पाचटाच्या कोपी बांधल्या होत्या. तोडीला गेल्यावर आम्ही राहायचो तशाच, तिरक्या, खाली वाकून आत शिरायच्या. फक्त आत फरशी, टेबल-खुर्च्या आणि एसी. कोपीत एसी! आमच्या कोपीत थंडीने माझे दात वाजायचे आणि आई माझ्या अंगावर रिकामी पोती टाकायची. इथं लोक गारवा कमी करा म्हणून वेटरला सांगत होते.

भिंतीवर कोयते लावले होते. खऱ्या लोखंडाचे, चकचकीत, कधी उसाला न लागलेले. आईने एकाच्या मुठीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "मूठ ढिली हाय ह्याची." मग आम्ही एका कोपीत बसलो. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कुणीही उठवेल अशा बेताने.

वेटर आला. चांगला पोरगा होता, त्याचा काही दोष नाही, त्याला जे पढवलं ते तो बोलला. "मॅडम, एक कोयता आणू की दोन अर्धे?"

"काय म्हनला गं तो?" आईने मला विचारलं. तिला वाचता येत नाही. समोर चुलीमागच्या भिंतीवर मोठी पाटी होती, रंगीत खडूने लिहिल्यासारखी. कोयता थाळी, दोघांसाठी. अर्धा कोयता थाळी, एकट्यासाठी. खाली हसणाऱ्या तोंडाचं चित्र.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. दोघं राबणार, दोघांची पाठ मोडणार, हिशेबात मात्र एक. आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही, कारण एकाने तोडायचं तर मोळी बांधून डोक्यावर वाहायची कुणी?

मी आठवीत असताना माझा बाप गेला. फडात साप चावला. ट्रॅक्टर उसाने भरलेला होता. आधी ऊस कारखान्यावर गेला, मग बाप दवाखान्यात. पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर मुकादम दारात आला, टोळी जमवत. आई म्हणाली, मी येते. तो उंबऱ्यावर पायही न ठेवता म्हणाला, "अर्धा कोयता मी कुठं नेऊ? दुसरा अर्धा आन, मग बोलू." मी दप्तर घेऊन दारामागे उभी होते. मुकादमाने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी तो दुसरा अर्धा मी झाले. शाळा सुटली. ती मी पुढे भांडून परत धरली, आयटीआय केलं, इथवर आले. पण तो उंबरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि आता तेच दोन शब्द रंगीत खडूने लिहिलेले. एकट्यासाठी. सोबत ताक आणि ठेचा.

मी आईला पाटी वाचून दाखवली. खोटं बोलायला हवं होतं का? मला नाही वाटत. तिने पाण्याचा ग्लास उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"हितं बी?" ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात मालक आला. तरुण होता, माझ्याच वयाचा, खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी. आईला बघून त्याला कोण आनंद झाला. "नमस्कार मावशी! काय दिसताय! एकदम ओरिजिनल." मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून खाली वाकला. "एक काम कराल का? पाच मिनिटं चुलीपाशी बसा. दोन भाकरी थापा, आम्ही व्हिडिओ घेतो. आमच्या बायका आहेत तिथं, पण तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ना, ते त्यांच्याकडं नाही. आजचं तुमचं जेवण आमच्याकडून."

माझ्या आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला विचारा. पाचटाने कापलेल्या रेघा आहेत. कपाळावरची खूण आहे, मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवरून चढताना पडली तेव्हाची. हे याला व्हिडिओत पाहिजे.

आणि आईने खुर्ची मागे सरकवली. पदर खोचला. उठली. कुणीतरी, ज्याचे कपडे चांगले आहेत अशा कुणीतरी, भाकरी थाप म्हटलं की उठायचं, हे तिच्या हाडात भिनलं होतं. दारात ती वळली होती तशीच आता उठली.

मी तिचा हात धरला. "बस, आई." मग त्याला म्हणाले, "माझी आई जेवायला आलीय. भाकरी थापायला नाही. फुकट नाही आणि पैसे घेऊन पण नाही."

माझा आवाज चढला होता. बाजूच्या कोपीतली माणसं वाकून बघायला लागली. मालक हसला. त्या हसण्याची मला चीड आली, अजून येते. "अहो ताई, चिडू नका. हे सगळं तुमच्याच लोकांसाठी केलंय. ट्रिब्यूट आहे हा. राहात्याला आमच्या उसात टोळ्या यायच्या. लहानपणी मी कोपीत खेळायचो."

"तुम्ही खेळायचात," मी म्हणाले. "आम्ही राहायचो."

त्याने मोबाईल काढला आणि उगाच त्यात बघायला लागला. मी पर्स उचलली. मला त्या पाचटाच्या बाहेर पडायचं होतं, मोकळी हवा पाहिजे होती. "चल आई."

"कुठं?"

"घरी."

आई खाली बसली. या वेळी कडेवर नाही. पाठ टेकून, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली.

"जेवाया आलो ना आपन? मंग जेवायचं. उपाशी उठायची लई सवय हाय मला. तीच मोडाया आले." मग वेटरकडे वळली. "लेकरा, ते कोयता-बियता ऱ्हाऊ दे. दोन मानसं हाईत. दोन ताटं आन. आन भाकर तव्यावरची आन, टोपल्यातली नगं."

मालकाकडे तिने बघितलंच नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. मी रागाने निघून जाणार होते आणि त्याला मोठा विजय समजणार होते. आई माझ्यापेक्षा जास्त चिडली होती. तिचा राग बसून राहणारा निघाला.

ताटं आली. भाकरी फुगलेली होती, पापुद्रा सुटलेला, वाफ निघत होती. आईने तुकडा मोडला, खाल्ला, अजून एक मोडला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती मात्र कोपीच्या तोंडातून पलीकडे बघत होती. समोर चूल होती, चुलीमागे हिरव्या लुगड्यातली एक बाई. धुराने डोळे लाल झालेले. समोर एक मुलगी मोबाईल धरून तिला सांगत होती, "मावशी, जरा हसा ना."

जेवण झाल्यावर आई दाराकडे गेली नाही. सरळ चुलीकडे गेली.

"जेवलीस का, बाई?"

ती बाई दचकली. "गिऱ्हाईक सरल्यावर जेवते."

"गार?"

"मंग? गरम कुनासाठी ऱ्हाती?"

"गाव कंचं?"

"शेवगावकडचं. तोडीला जायचो आमी. मालक वारल्यावर मला कोन नेतंय?" मालक म्हणजे तिचा नवरा. एवढं बोलून तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. तिच्या डोक्यावर ती पाटी होती. अर्धा कोयता थाळी, एकट्यासाठी.

निघताना मी मालकाला गाठलं. तो शब्द उतरवा म्हणाले. त्याचा अर्थ सांगितला, मुकादमाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "नाव आहे हो नुसतं. लोकांना आवडतं." मी म्हणाले, "लोकांना अर्थ माहीत नाही म्हणून आवडतं. मी सांगते त्यांना."

आई स्कूटीवर मागे बसली. बोल्हेगावच्या फाट्यापाशी म्हणाली, "भाकर चांगली हुती गं. पन दुसऱ्याच्या हातची न्हवती. माझ्याच हातची हुती."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. ती रडत नव्हती. मीही रडले नाही. रडून मोकळं व्हायचं नाही असं मी तिथंच रस्त्याच्या कडेला ठरवलं. मोकळं झालं की राग जातो, आणि हा राग मला पाहिजे आहे.

आमच्या गल्लीत तोडीवरून आलेल्या बायका पुष्कळ आहेत. कंपन्यांत झाडतात, डबे करतात. त्यांच्यातल्या काहींना मी विचारलंय. आम्ही दर रविवारी त्या हॉटेलात जाणार आहोत. पुढच्या दाराने. टेबलावर बसून गरम भाकरी मागवणार. आणि पाटी मोठ्याने वाचून शेजारच्या प्रत्येक टेबलाला सांगणार, की बाबांनो, तुम्ही जे मागवलंय त्याचा अर्थ असा: नवरा मेलेली बाई, जिला कुणी कामाला नेत नाही. आता जेवा. त्या चुलीवरच्या बाईने गिऱ्हाइकांआधी गरम खावं, पुढच्या दाराने यावं, हेही मागणार. मालकाने हाकललं तर दारात उभं राहून सांगू. पाटी उतरेपर्यंत.

काल आईचा फोन आला. रविवारी तीही येतेय. विचारत होती, "त्येच हिरवं लुगडं नेसू का दुसरं आनू?"

"तेच," मी म्हणाले. "आणि या वेळी दारात कुणी काही म्हणालं, तर वळायचं नाही."

"न्हाई वळत," ती म्हणाली.