एका दमातली गिनती

नव्वदचं दशक संपता संपता आमची पलटण उत्तरेला बर्फात गेली. मी तेव्हा नाईक होतो, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनच्या वाट्याला आलेली पोस्ट अठरा हजार फुटांच्या वर होती. पोस्ट म्हणजे फायबरच्या दोन झोपड्या, पहाऱ्याचा एक मोर्चा म्हणजे बंकर, रॉकेलचे कॅन आणि चारी बाजूंना बर्फ. सिव्हिलमधली माणसं मला विचारतात, शत्रू किती लांब होता? होता समोरच्या धारेवर. पण त्याच्यापेक्षा जास्त धास्ती आम्हाला हवेची होती. तिथं हवा निम्मी असते. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते.

मी ठाणे जिल्ह्यातल्या शेणव्याचा. वडील तानसाच्या पाइपलाइनवर पहारेकरी होते. माहुलीचा किल्ला चढलो की आपण फार उंच आलो असं लहानपणी वाटायचं. सेक्शनमध्ये माझ्या भागातला एकच जवान होता, शिपाई एकनाथ देसले. तो मुरबाडच्या पलीकडचा, टोकावड्याच्या बाजूचा. बारावी सायन्स झालेला, अंगाने काटक, बोलायला तिखट. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, दोघेच असलो की दादा. बाकी सगळी पलटण त्याला रॉकेट म्हणायची.

हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. रंगरूट असताना हवालदाराने सगळ्यांना उभं करून विचारलं, फौजेत कशाला आलात? कुणी म्हणालं देशसेवा, कुणी म्हणालं नोकरी. एकनाथ म्हणाला, "अंतराळात जायचंय." हवालदाराने त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. जीभ बाहेर येईस्तोवर पळवून पुन्हा विचारलं, तर उत्तर तेच. त्या दिवसापासून रॉकेट. नावाचा त्याला राग येत नसे. उलट मेसमध्ये ताट घेऊन जाताना तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा आणि रांग मोडून पुढे घुसायचा.

थट्टा बाजूला ठेवली तर त्याचं गणित पक्कं होतं. बेसवरून पोस्टकडे चढताना अंगाला हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत टप्प्याटप्प्याने मुक्काम असतात. अशाच एका मुक्कामात त्याने मला सगळं उलगडून सांगितलं.

"नुसता शिपाई ऱ्हायलो तर कोन नेतंय वर? आधी परीक्षा द्यायची, अफसर व्हायचा. मंग हेलिकॉप्टरचा कोर्स. पायलट झालो का अर्धा रस्ता संपला."

"आणि उरलेला अर्धा?"

"त्यो वरचा हाय, दादा. तिथं ट्रॅफिक नाय."

मी हसलो, पण मनातून मला त्याचं कौतुक वाटलं. जवानांना अधिकारी होण्यासाठी फौजेत परीक्षा असते. तिची लेखी तो पास झाला होता. पोस्टवरून खाली उतरलो की निवड मंडळापुढे, म्हणजे बोर्डापुढे मुलाखत होती. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची संधी. तिला दुसरी अट होती ती तब्येतीची. फौजेत प्रत्येक जवानाची मेडिकल कॅटेगरी ठरलेली असते आणि बोर्डासाठी ती पहिल्या दर्जाची लागते. आजारी पडून हॉस्पिटलात भरती झालात की कॅटेगरी खाली जाते. मग मुलाखत नाही, अफसरी नाही, पायलट तर सोडूनच द्या.

खरं तर त्याला वर यायची गरजच नव्हती. त्याची ड्यूटी खाली बेसला लागली होती. तो सुभेदार साहेबांच्या मागे लागला आणि माझ्या सेक्शनमध्ये नाव घालून घेतलं. मी विचारलं, "गरम जेवण सोडून इकडे कशाला मरायला आलास?"

"वर हवा कमी. तेवढीच प्रॅक्टिस. अंतराळवीराला जीव घुसमटायची सवय लागते. आमी पोरं काळू नदीच्या डोहात बुडी मारून बसायचो. कोन जास्त टाइम ऱ्हातो ते बघायला. मीच जिंकायचो."

त्याला शाळेतल्या मास्तरांनी कधीतरी सांगितलं होतं, की अंतराळवीरांना पाण्यात उतरवून शिकवतात, गरगर फिरवतात, एकटं कोंडून ठेवतात. त्यातून एकनाथने एकच गोष्ट उचलली: जो न कुरकुरता सोसतो त्याला वर नेतात. थंडीत तो हातमोजे उशिरा घालायचा. सगळे पाय शेकत बसले तरी हा दाराजवळ. मी शिव्या घातल्या की मुकाट आत यायचा.

आता पोस्टवरच्या एका रिवाजाबद्दल सांगतो. एवढ्या उंचीवर काही जणांच्या छातीत पाणी भरू लागतं. फौजेत ह्याला हॅपो म्हणतात. वेळेत कळलं आणि माणूस खाली उतरवला तर वाचतो. नाही कळलं तर धडधाकट जवान काही तासांत जातो. म्हणून माझ्या पोस्टवर सकाळच्या गिनतीला प्रत्येकाने आपला नंबर, रँक, नाव, गाव, तालुका, जिल्हा एका दमात म्हणायचा. मी समोर उभा राहून ऐकायचो. ज्याचा दम मध्येच तुटेल त्याची रवानगी आमच्या नर्सिंग असिस्टंटकडे. तो साताऱ्याचा जाधव, शांत माणूस. ही पद्धत मी एका जुन्या हवालदाराकडून उचलली होती आणि तिच्यामुळे आधीच्या खेपेला एक जवान वाचलेला मी स्वतः पाहिला होता.

एकनाथची गिनती सगळ्यांत चोख असायची. जिल्हा ठाणे म्हणून झाल्यावरही त्याच्याकडे दम शिल्लक असे. मग तो "महाराष्ट्र, भारत, पृथ्वी" असं जोडायचा आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचो. खाली जायला थोडेच दिवस उरले होते आणि पोस्टवर सगळे खुशीत होते.

मग वारा सुटला आणि थांबेना. आम्ही झोपड्यांत अडकलो. रॉकेलच्या धुराने सगळेच खोकत होते. नाकातून काळं यायचं. एकनाथही खोकत होता. जाधवने त्याला विचारलं, त्याने "धूर" म्हणून उडवून लावलं. गिनतीला आम्ही झोपडीच्या आतच उभे राहत होतो आणि त्याची गिनती नेहमीसारखी एका दमात होत होती. फक्त "पृथ्वी" बंद झालं होतं. वाऱ्याने सगळ्यांचीच मस्करी बंद केली होती, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वारा पडला त्या सकाळी गिनती झाली. एकनाथ ठणठणीत बोलला आणि रॉकेलचा कॅन आणतो म्हणून बाहेर गेला. मी मोर्चा साफ करून घ्यायला मागोमाग निघालो. तो झोपडीमागे पाठमोरा उभा होता आणि बुटाने बर्फ ओढून काहीतरी झाकत होता. मी जवळ गेलो. बर्फावर थुंकी होती. फेसाळ, गुलाबी.

तो वळला. ओठ जांभळे पडले होते. उघड्यावर आता त्याला धाप लपवता येत नव्हती. श्वास घेताना त्याच्या छातीतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येत होता.

"किती दिवस?"

"तीन."

"आणि गिनती?"

"दम धरून म्हणायचो. डोहासारखा."

 मी ज्या खुणेवर विसंबून होतो तिलाच त्याने चकवलं होतं, आणि त्यासाठी वापरला होता तो लहानपणी पाण्याखाली कमावलेला दम. त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. मी त्याला धरून आत आणलं आणि जाधवला हाक मारली. जाधवने छातीला कान लावला, माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "हॅपो."

मी वायरलेस सेटकडे गेलो. एकनाथ पलंगावरून उठला आणि त्याने हँडसेटची वायर पकडली.

"दादा, नका सांगू. कॅटेगरी जाईल माजी."

"सोड."

"बोर्ड होऊ दे. मंग कायपन सांगा. दोन-तीन दिसात आपन खालीच जातोय ना? मी सोसतो. मला जमतंय."

"हे सोसायचं नसतं रे. सोड वायर."

"तुमी आपल्याकडचे म्हनून तुमच्या सेक्शनला आलो. आनि तुमीच माजा घात करताय."

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांत ताकद राहिली नव्हती. तो पलंगावर बसला आणि म्हणाला, "मंग आपला बोलना बंद."

मी सेटवर बोललो. "एक हॅपो केस. सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

खालून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "केस कोण? ओव्हर."

"देसले. ओव्हर."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी हवामान विचारलं. मग, "खाली दरीत ढग भरलाय. पायलट तयार आहेत, पण दिसत काही नाही. ढग हटला की निघतील. तोवर बॅगमध्ये ठेवा. ओव्हर."

स्ट्रेचरवरून खाली नेण्याचा विचार मी केला. वादळाने दोराची वाट पुरी बुजवली होती आणि तिच्या खाली बर्फात खोल भेगा होत्या. दोन जण पाहणीला पाठवले, ते पहिल्या उतारावरूनच परतले. वाट नव्हती.

हॅपोची बॅग म्हणजे माणूस आडवा मावेल अशी जाड कापडाची लांबट पिशवी. आत माणूस झोपवतात, चेन लावतात आणि बाहेरून पायाच्या पंपाने हवा भरत राहतात. आत दाब वाढतो आणि माणूस काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो. तोंडाजवळ प्लास्टिकची छोटी खिडकी असते. पंप थांबवायचा नाही. आम्ही आळीपाळीने उभे राहिलो. तेवढ्या उंचीवर पंप मारणाऱ्यालाच भोवळ येते. एकही जवान "मी दमलो" म्हणाला नाही, दुसऱ्याने बाजूला ढकलेपर्यंत पाय चालवत राहिला.

एकनाथ त्या फुगलेल्या पिशवीत बंद होता आणि खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार. पण त्या दिवशी त्याला कुणी रॉकेट म्हटलं नाही.

मी खिडकीपाशी वाकून म्हणालो, "एकनाथ, चॉपर येतंय. कॅटेगरीचं मी साहेबांशी बोलतो. पुढं काहीतरी निघेल." निघणार काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने डोळे उघडले. मला ओळखलं. मग हळूहळू मान फिरवून तोंड पलीकडे केलं.

मी दर थोड्या वेळाने सेटवर विचारत होतो. उत्तर ठरलेलं. "ढग तसाच. ओव्हर." आमच्या डोक्यावर मात्र निळंशार आकाश होतं. आम्ही ढगांच्या वर होतो आणि हेलिकॉप्टर ढगांच्या खाली.

दुपारी पावणेतीनला जाधवने हात वर करून पंप थांबवायला लावला. चेन उघडली, नाडी पाहिली, छातीला कान लावून बराच वेळ तसाच बसला. मग त्याने एकनाथचे डोळे मिटले. पंपावरचा जवान पाय खाली घ्यायचं विसरला होता. मी सेटवर कळवलं. साहेब म्हणाले, "समजलं. ओव्हर." पुढे काही बोलायचं म्हणून त्यांनी बटण दाबून ठेवलं होतं, पण नुसता श्वासाचा आवाज आला.

ढग दुसऱ्या दिवशी सकाळी हटला. हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. पोस्ट सोडता येत नसते, त्यामुळे मी त्याच्या अंत्यविधीला नव्हतो. त्याच्याबरोबर गावाला सुभेदार साहेब गेले.

चौकशी झाली. तिथले डॉक्टर मेजर होते. माझी साक्ष झाल्यावर मी त्यांना एकनाथच्या स्वप्नाबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "जे अंतराळात जातात ना, त्यांच्या छातीला तारा लावलेल्या असतात. ठोका चुकला तरी खाली कळतो. दुखणं लपवणाऱ्याला तिथं घेतच नाहीत." एकनाथला हे कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांना माहीत नसेल आणि मलाही नव्हतं. मला त्याचा अजून राग येतो. इतकी अक्कल असलेला पोरगा, आणि एवढी साधी गोष्ट उलटी समजून बसला. रागाच्या खाली दुसरं काय आहे ते मी जाणतो. मला तो हवा होता. अफसर होऊन माझ्यासमोर आला असता तर मी कडक सॅल्यूट ठोकला असता, त्यानंतर मनसोक्त शिव्या घातल्या असत्या.

मी सेट उचलला त्यात चूक केली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उचलीन.

पोस्टवरून उतरल्यावर सुट्टी मिळाली. शेणव्याला एक रात्र राहिलो आणि सकाळच्या एसटीने मुरबाडला गेलो, तिथून पुढे त्याच्या गावी. घरात आई आणि धाकटा भाऊ. वडील आधीच गेलेले. आईने मला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि समोर जमिनीवर बसली. तिला सगळं सांगायचं मी ठरवून आलो होतो. आजार कसा, हेलिकॉप्टर का नाही आलं, पोरांनी पंप कसा मारला, ते सांगितलं.  शेवटी ती म्हणाली, "जाताना काय बोलला तो?"

खोटं बोलणं सोपं होतं. आईचं नाव घेतलं म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. मला ते जमलं नाही.

"काही बोलला नाही, आई. मी वायरलेसवर कळवलं म्हणून माझ्यावर रागावला होता. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं."

 तिने पदराने तोंड पुसलं आणि माझीच समजूत घालू लागली.

"त्याचं काय मनावर घेऊ नको, बाबा. बारका व्हता तवापासून तसाच. रुसला का तोंड फिरवून बसायचा. पन सांज झाली का आपसूक चुलीपाशी यायचा, जसा काय झालाच नाय. त्याचा राग कदी सांजेच्या पुढं गेला नाय. तुज्यावरचा पन गेला असंल बघ."

मी मान हलवली. चहा संपवला.

पुढे मी रिटायर झालो. त्याच्या घरी वर्षातून एकदा जातो. आई आता थकली आहे, पण मी गेलो की ती गोष्ट पुन्हा सांगते, सांजेपर्यंतच राग टिकायचा ती. मी प्रत्येक वेळी मान हलवतो. शिपाई एकनाथ देसले दुपारी गेला, हे मी तिला सांगितलेलं नाही.