सासूला सवलत नाही

मला आजवर पोलिसांनी एकदाच पकडलं, आणि तेही आमच्याच सुनेनं.

सून लखनौचीच. नाव पूनम, पोलिसात दरोगा, म्हणजे आपल्याकडची फौजदार. आम्ही मूळचे साताऱ्याचे. मुलगा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून मुक्काम लखनौतच, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत. पूनमचं ठाणं उन्नावला. कामावर जाणाऱ्या पोलिसांना गाडीचा प्रवास फुकट झाल्यापासून ती सकाळच्या पॅसेंजरनं जाते. (रेल्वेत नोकरी मुलाची, फुकट फिरते सून. असो!)

त्या दिवशी ती जेवणाचा डबा घरीच विसरली. मी थालीपिठं घेऊन घरच्या साडीतच स्टेशनवर धावले आणि डबा द्यायला डब्यात चढले. द्यायचा आणि उतरायचं, एवढंच काम. पण वेळेवर जेवण्याबद्दल दोन शब्द सांगायला गेले (दोन म्हणजे माझे दोन!) आणि गाडी सुटली.

मी दाराकडे पळाले. पूनमनं मागून येऊन माझं मनगट पकडलं आणि ती ओरडली, "कहाँ भाग रही हैं? चुपचाप बैठिए!"

अख्खा डबा वळून बघायला लागला! तिच्या अंगावर खाकी वर्दी, माझे केस विस्कटलेले आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला!

समोरच्या अम्मा शेजारणीला म्हणाल्या, "दहेज का केस होगा. बहू को सताया होगा."

"अहो, नाही हो!" मी कळवळले. "मैं तो इसकी सास हूँ!"

"देखा? सास ही निकली!" अम्मांनी मांडीवर थाप मारली. "और बहू ने खुद पकड़ा!"

पूनमनं टोपी तोंडावर धरली. हसून हसून तिचे खांदे गदगदत होते.

"बेचारी रो रही है," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात टीसी आला. "माताजी, टिकट?"

"मैं पुलिस के साथ हूँ!" मी ऐटीत सांगितलं.

पूनमनं डोळे पुसले. "मम्मीजी, छूट वर्दी को है, सास को नहीं." आणि स्वतःच्या पर्समधून माझा दंड भरला!

"इतना सहा, फिर भी जुर्माना भर रही है," एक काका गहिवरले.

आता अब्रू वाचवायलाच हवी होती. मी डबा उघडला, थालीपिठाचा तुकडा मोडून सुनेच्या तोंडापुढे धरला. "खा गं बाळा."

"लो, अब रिश्वत!" खिडकीजवळून आवाज आला.

पूनमनं घास खाल्ला, माझ्या गळ्यात हात टाकला आणि ओरडून सांगितलं, "अरे भाई, मेरा खाना देने आई थीं! बहुत प्यारी सास हैं मेरी!"

"माफ़ कर दिया!" काकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. उरलेली थालीपिठं डबाभर फिरली, अम्मांनी तर दोनदा घेतली. सुनेनं चारचौघांत 'प्यारी' म्हटलं, या आनंदात मला दंडाचं काहीच वाटेना.

उन्नावला उतरताना अम्मांनी माझा हात हातात घेतला. "बहन, अब सुधर जाना."

मी खरं तर ठणकावून सांगणार होते. पण तोंडातून निघालं, "जी, अब नहीं सताऊँगी!"