सतार पाठवली, पान कोरं पोचलं

कॉम्प्युटरवाल्यांकडे किस्से साठतात, कारण कामं बिघडतात. सगळं नीट चाललेल्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतं. आमच्याकडे भरपूर होतं!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शशा आणि मी कराडला इंजिनिअर होऊन मिरजेत एका खोलीत वेबसाइट बनवायला बसलो होतो. गिऱ्हाईक एकच, सतारी बनवणारे हमीदचाचा. जर्मनीतल्या एक बाई त्यांची सतार घेणार होत्या, पण आधी ती इंटरनेटवर बघायची होती. दिसली नाही, तर चाचा पुन्हा पोस्टाने फोटो पाठवणार आणि आमचं दुकान बंद होणार.

शशाने अख्खं पान जावास्क्रिप्टमध्ये केलं. आमचा सर्व्हर नुसता कोड पाठवायचा, पान तयार करायचं ते बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरने. आमच्या नव्या मशीनवर सतार अशी सरकत यायची, की शशा स्वतःच टाळ्या वाजवायचा.

* * *

शशाचे वडील मिलिटरीतून रिटायर होऊन आटपाडीला असत. तिथल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या जुन्या मशीनवर त्यांनी साइट उघडली आणि फोन केला.

"नुसतं पांढरं हाय रं. कागद संपला का तुमचा?"

दुसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला. त्यांच्याकडेही कोरं. जुन्या कॉम्प्युटरांना शशाचा कोड झेपतच नव्हता.

* * *

शशा चाचांना म्हणाला, "बाईंना नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगा."

चाचा तारा जुळवत होते. "मी सतार लावून देतो, बेटा. भोपळा, खुंट्या, तारा पिशवीत भरून 'घरी जाऊन जोडा' म्हणलो, तर माझ्या दारात कोण येईल?"

शशा दोन दिवस पान नव्याने लिहीत बसला. तिसऱ्या दिवशी पान सर्व्हरवरच पुरतं तयार होऊन बाहेर पडायला लागलं. सरकणं गेलं, सतार राहिली.

* * *

पुन्हा आटपाडीचा फोन.

"दिसली. झ्याक हाय. आता वाजवा की."

* * *

बाईंचा मेल आला: दिसली, आवडली, पाठवून द्या. आम्ही स्कूटरवरून चाचांकडे सुटलो. एवढा आनंद मला डिग्रीचाही झाला नव्हता.

चाचांनी ऐकून घेतलं. "लिहा, चित्र बघून सतार देत न्हाई. वाजवणाऱ्याला बघून देतो. यावं लागंल."

शशाचा चेहरा बघवत नव्हता. पण मेल त्यानेच लिहिला.

आणि बाई आल्या! मिरज स्टेशनवर उतरल्या, त्या आमच्या पानाचा प्रिंट हातात धरूनच. दुकानात शिरताच त्यांनी तो चाचांपुढे केला. चाचांनी न बघताच बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता बोटं दाखवा."