भस्माचं बोट लावलेली बॅटरी

आमचा शिवाप्पा वालूरला दोरखंड, पाइप, कुलपं असलं सामान विकतो. पण त्याचं नाव झालं ते बॅटरीवर. बॅटरी म्हणजे ती खिशात मावणारी, चार्जिंगची, बोटाएवढी. शहरात तिला टॉर्च म्हणतात. सेलूच्या बाजारात ढिगानं मिळते, तरी माणसं तिथून रिकाम्या हातानं येऊन शिवाप्पाच्या दारात उभी राहायची. त्याचं कारण सांगते. मी त्याची थोरली बहीण. आमचे मालक गेल्यावर त्याच्याच घरी राहायला आले, त्याला आता वीस वर्षं झाली. तो एकटाच, लग्न केलं नाही. म्हणून जे सांगते ते डोळ्यानं बघितलेलं.

दुकानामागं धान्याची खोली आहे. तिला खिडकी नाही. तिच्या भिंतीवर शिवाप्पानं ओळीनं चुन्याचे ठिपके मारलेत, वर मोठे, खाली जाता जाता लहान. नवा माल आला की तो एकेक बॅटरी घेऊन आत जायचा, दार लावायचा, उंबऱ्यापासून उजेड टाकून कितवी ओळ दिसते ते मोजायचा. मग तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचा, कारण पिकाला पाणी देणाऱ्याचा खिसा कोरडा कुठून राहणार. मग कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. एवढ्यातून वाचली तर पेटवून फळीवर ठेवायची आणि विझेपर्यंत जळू द्यायची. घड्याळ बघून वहीत लिहायचा. साडेचार तास टिकली तर पास. त्याच्या आत मंद झाली की परत खोक्यात आणि परभणीच्या व्यापाऱ्याकडं.

व्यापारी म्हणायचा, अप्पा, दहातली एक बघा की. शिवाप्पा म्हणायचा, दहाच्या दहा माणसं अंधारात जाणार, त्यातल्या एकालाच का सांभाळू?

खोक्यावर छापलेलं असतं की कोसभर लांबचं दिसतं. त्यावर तो हसायचा. कोसावरचा साप कुणाला चावत नसतो म्हणायचा. पायापुढं सहा हात दिसावं आणि मोटार बंद होईपर्यंत दिसावं, बस. काही बॅटऱ्या पहिला अर्धा तास डोळे दिपवतात आणि मग काजव्यावर येतात. त्यांना तो नवरदेव म्हणायचा. आमच्याकडं शेतीची लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या आठवड्यात सगळं शिवार बॅटरीच्या भरवशावर पाणी देतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पास झालेल्या बॅटरीच्या खोक्यावर तो कपाळाच्या भस्माचं एक बोट ओढायचा. लोक छापील नाव वाचायचे नाहीत, बोट बघायचे.

त्यात एक गोष्ट मला खटकायची. बोट तो आधी लावायचा आणि जळून रिकामी झालेली बॅटरी चार्जिंगला नंतर. मी म्हणायची, पोट भरल्यावर बोट लाव. तो म्हणायचा, अक्का, बोट गुणाचं असतं, जेवण काय कुणीबी घालतं. मीही मग बोलायचं सोडलं.

दुसरी गोष्ट त्याची पूजा. आम्ही लिंगायत, आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं, पूजेला ते डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडं बघत बसायचं. शिवाप्पाला आठव्या वर्षी दीक्षा झाली. तेव्हापासून लिंग तळहातावर असताना त्याच्या तोंडून शब्द नाही. एकदा शेळी दुकानात शिरून घरासाठी आणलेल्या गुळाची अर्धी ढेप खाऊन गेली. हा पडद्याआडून बघत होता, हूं की चूं केलं नाही. पूजा आटोपल्यावर म्हणाला, गुळ चांगला होता, तिनं वरचा सोडून मधला खाल्ला. मी हसून हसून दमले. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

कार्तिकातला दिवस होता. सकाळपासून गावात लाइट नव्हती, खांबाचं काम चालू होतं. शिवाप्पानं आदल्या रात्री उशिरापर्यंत तपासलेल्या पाच बॅटऱ्या फळीवर होत्या, पाचीवर बोट होतं. दिवेलागणीला तो पूजेला बसला, मी गल्ल्यावर. तेवढ्यात सिताराम आला. सितारामचा दोन एकर हरभरा ओढ्याच्या पलीकडं. आठला शेतीची लाइट येणार म्हणून घाईत होता. अप्पा हायत का विचारलं, मी म्हणाले पूजेत आहेत. जुनी बॅटरी बिघडली म्हणाला, बोटाची एक द्या.

मी दिली. त्यानं बटण दाबून बघितलं. भक्क उजेड पडला, समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. तो हसत खिशात टाकून गेला.

रिकामी झालेली बॅटरी दिवसभर विसावली की पहिल्या दाबाला अशीच पेटते, घटकाभर. हे शिवाप्पाला ठाऊक होतं, मला नव्हतं. पडदा आमच्या मधे दोन हातांवर होता.

पूजा झाली आणि शिवाप्पा पायात चप्पल न घालता बाहेर आला. फळीवरची खोकी मोजली. चार. माझ्याकडं बघितलं. स्वतःच्या वापरातली भरलेली बॅटरी सदऱ्यात टाकली आणि अडुसष्टाव्या वर्षी सायकलवर टांग मारून गेला. मला वाटलं, काही विसरला असेल.

पुढचं शिवाप्पानं मला मागून सांगितलं. सितारामच्या घरी त्याची बायको नर्मदाबाई म्हणाली, मघाशीच गेले. हा तसाच ओढ्याकडं. सायकल ओढ्यात घालता येईना म्हणून तिथंच टाकली. शेतात मोटार चालू होती आणि पाणी दांड फोडून भलतीकडं वाहत होतं. सिताराम बांधावर बसला होता, उजवा पाय दोन्ही हातांत धरून. बाजूला बॅटरी पडलेली, विझलेली. म्हणाला, अप्पा, काई तरी टोचलं, काटा हाय का काय, दिसलंच न्हाई. घोट्याच्या वर दोन भोकं होती आणि त्यातून रक्त थांबत नव्हतं.

शेजारच्या शेतातल्या माणसानं मोटारसायकल काढली, सितारामला मधे घेतलं, मागं शिवाप्पानं त्याला धरलं. निरोप मिळाल्यावर मी आणि नर्मदाबाई टमटमनं तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, काय चावलं, बघितलं का? सिताराम म्हणाला, बॅटरी गेली, न्हाई दिसलं. त्यांनी काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि टेबलावर उभं ठेवलं. वीस मिनिटांनी वाकडं करून बघायचं म्हणाल्या. गोठलं असलं तर काळजी कमी, पातळ राहिलं तर विष भिनलं. हात लावू नका म्हणाल्या.

शिवाप्पानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यासमोर धरलं. खोलीत बॅटरी जळत ठेवून बसायचा, अगदी तसाच बसला. मांडीवर दुसरा हात होता, त्याची बोटं आपोआप हलत होती, जणू वहीत लिहितोय. नर्मदाबाई नळीकडं बघत होती, मी शिवाप्पाकडं. बारा मिनिटं झाल्यावर तो माझ्या कानाशी वाकला.

"अक्का, मी ऐकलं होतं."

मला कळेना.

"तू त्याला देताना मी ऐकलं होतं. रिकामी हाय हे ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता. बोललो न्हाई."

दिली तर मीच होती. आम्ही दोघं म्हातारी बहीणभाऊ त्या बाकड्यावर बसलो, आणि उरलेली आठ मिनिटं कशी गेली ते मला सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी वाकडी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मग सुया, सलाइन, पहाटे परभणीला गाडी. अकरा दिवस. लघवी बंद झाली, मशीन लावली, पाय मांडीपर्यंत काळा पडला. सिताराम जगला. उजव्या पायाची तीन बोटं आणि टाचेचं मांस गेलं. आता काठीनं अंगणापुरता चालतो. चिखलात उभं राहणं जमायचं नाही.

दवाखान्यात तो शुद्धीवर आला की म्हणायचा, माझीच गलती, घाई केली. शिवाप्पा त्याच्या उशाशी बसून ते ऐकायचा आणि दर वेळी थोडा आणखी वाळायचा. भाकरी पुढं ठेवली की चतकोर खाऊन ताट सारायचा. घरी येऊन ओलं फडकं घेतलं आणि दुकानातल्या सगळ्या खोक्यांवरची बोटं पुसून टाकली. गिऱ्हाईक मागायला लागलं की म्हणायचा, मला आता कळत न्हाई, तुमीच बघा. पूजेला मात्र बसायचा. मी पडद्याआडून बघायची. पूजेत रडताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं, तेही आवाज न करता.

सिताराम घरी आल्यावर चौथ्या दिवशी शिवाप्पा त्याच्या अंगणात गेला, मला सोबत नेलं. दोघा नवराबायकोसमोर सगळं सांगितलं. बॅटरी अक्कानं दिली हे सांगितलंच नाही, ते मीच मधे घातलं. सिताराम बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, अप्पा, आवाज द्यायचा होता. एवढंच. नर्मदाबाई उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

वाटेत शिवाप्पा मारुतीच्या पारावर बसला. अक्का, आता मी कशाला हाय, म्हणाला. ऊन होतं म्हणून पदर त्याच्या डोक्यावर धरला.

पुसाच्या महिन्यात परत रात्रीच्या लाइटचा आठवडा आला. दुपारी नर्मदाबाई दुकानापुढं येऊन उभी राहिली. हरभरा फुलात होता आणि पाणी द्यायला आता तिलाच जायचं होतं. शिवाप्पा उभा राहिला.

"बॅटरी पायजे," ती म्हणाली.

"सेलूहून घ्या, बाई. माझ्या हातची नको."

"सेलूवाला कुठं बघून देतोय. तुमच्याकडं खोली हाय ना? मीच बसते आत. विझंपर्यंत बसते. मग माझ्यासमोर चार्जिंगला लावा."

त्यानं खोकं दिलं, तेही लांबून. ती आत गेली. ठिपके कसे मोजायचे ते त्यानं दाराबाहेरूनच सांगितलं. ओलं फडकं तिनं स्वतः मागून घेतलं. बॅटरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग दार लागलं, आणि शिवाप्पा उंबऱ्याबाहेर घड्याळ धरून बसला.

दर थोड्या वेळानं तो विचारायचा, चालू हाय का? आतून यायचं, हाय. त्या बाईच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. मी चहा नेला, तिनं अंधारातच प्यायला. पहिला तास गेला, दुसरा, तिसरा. बाहेर दिवस कलला.

दिवेलागण झाली. इतक्या वर्षांत त्याची पूजेची वेळ चुकली नव्हती. मी पाणी आणि भस्म आणून ठेवलं, म्हणाले, शिवा, तू बस पूजेला, दाराशी मी बसते. त्यानं मान हलवली. आसन त्या खोलीच्या दाराशीच ओढून घेतलं आणि तिथंच बसला. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. नजर लिंगावर, उजव्या मनगटावरचं घड्याळ गुडघ्यावर.

मी कंदिलाची काच पुसत होते. साडेचार तास पुरे व्हायला काही मिनिटं होती. लिंग हातावर असताना आठव्या वर्षापासून कधी उघडलं नव्हतं ते तोंड त्यानं उघडलं.

"चालू हाय का?"

आतून लगेच उत्तर आलं नाही. मग बाई म्हणाली,

"हाय. तुमी इचारत रहा."