पोटाला हात न लावणारी सुजाता

अबू धाबीकडच्या अल ऐनमध्ये गाडी नसली की माणूस घरातच अडकतं. सुजाताला गाडी येत नाही, म्हणून तिला कामाला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. त्यामुळे हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

ती मूळची कणकवलीकडची. नवरा समाधान इथे गॅरेजमध्ये कामाला. आसपासच्या पोरींची बाळंतपणं आली की कुणाच्या आईला व्हिसा मिळायचा नाही, कुणाच्या आईचे गुडघे चालायचे नाहीत. मग सुजाता जाऊन बसायची. पाठ चोळायची, पाणी पाजायची, "होतंय, होतंय" म्हणायची. पुढे तिने रीतसर डूलाचा कोर्स केला. डूला म्हणजे बाळंतिणीची सोबतीण. तपासणं, बाळाचे ठोके बघणं, बाळ हातात घेणं, नाळ कापणं हे मिडवाइफचं काम. त्याला वेगळं शिक्षण आणि लायसन लागतं. सुजाता हे पहिल्याच भेटीत सांगते. लोक माना डोलावतात आणि विसरून जातात.

शुभ्राच्या सासूबाई, विभावरीकाकू, तर मानही डोलवायला तयार नव्हत्या. सुनेच्या पहिल्या बाळंतपणासाठी त्या चिपळूणहून आलेल्या. नववा महिना लागला तरी बाळ डोकं खाली करीना, बूड टेकून बसलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुधवारी हॉस्पिटलात बाहेरून हातांनी फिरवून बघू, नाही फिरलं तर सिझेरियन. ऑपरेशनच्या नुसत्या नावानं शुभ्राचे हातपाय गार पडायचे.

मंगळवारी आम्ही गेलो तर काकूंनी सतरंजी अंथरून खोबरेल कोमट करून ठेवलेलं.

"ये सुजाता, बस. आमच्याकडच्या सुइणी तेल लावून असं काही फिरवायच्या, की बाळ सरळ!"

"काकू, मी सुईण नाही."

"कोकणातली ना गं तू? कधी बघितलं नाहीस?"

"बघितलंय. आमच्या वाडीतली तानुबाई करायची."

"मग झालं तर!"

"बघितलंय, शिकले नाही. आणि पोटाला हात लावायचा मला अधिकारही नाही."

"मग तू करतेस तरी काय?"

"मी तिच्याजवळ बसते."

"बसायला काय, मीपण बसते की! त्याला कोर्स कशाला हवा?"

मला हसूही आलं आणि रागही. तेवढ्यात शुभ्राच म्हणाली, "ताई, प्लीज. हलक्या हातानं करा. नाही फिरलं तर नाही. मला कापून घ्यायचं नाहीये हो."

तिचे डोळे भरलेले. सुजाता तेलाच्या वाटीकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता करते. मी मनात म्हटलं, देवा, हिला बुद्धी दे. कुठली बुद्धी दे, हे मलाही सांगता आलं नसतं.

सुजातानं वाटी ओढली, शुभ्राचे पाय मांडीवर घेतले आणि तळव्यांना तेल लावायला लागली. "उद्या तुला कुठे निजवतील, कोण कुठे उभं राहील, सगळं सांगते. मध्ये काही वाटलं तर विचार." काकू आत गेल्या आणि उगाच भांडी वाजवत राहिल्या.

बुधवारी आत एकाच माणसाला सोडणार होते. शुभ्रानं सुजाताला नेलं. शुभ्राचा नवरा निखिल, काकू आणि मी बाहेर. आत काय झालं ते सुजातानं नंतर सांगितलं. पोटावर पट्टे बांधून मिडवाइफ एमान बाळाचे ठोके बघत होती, डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी बाळ ढकलत होत्या, सुजाता डोक्याशी होती. बाळ जरा सरकलं आणि ठोके मंदावले. एमान म्हणाली, "खलास, डॉक्टर," म्हणजे अरबीत, बस, थांबा. बाईंनी लगेच हात उचलले. एमाननं शुभ्राला कुशीवर वळवलं. तिची नजर मशीनवरून हलत नव्हती. शुभ्रा घाबरून सगळ्यांची तोंडं बघत होती. सुजातानं आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला. "इकडे माझ्याकडे बघ. श्वास सोड. अजून सोड." देवाच्या दयेनं ठोके पुन्हा वर आले.

पण बाळ काही फिरलं नाही. बाहेर आल्या आल्या काकू म्हणाल्या, "काल तेल लावलं असतंस तर ही वेळ आली नसती!"

एमान मागेच होती. ती इजिप्तची, पण इथे राहून हिंदी छान बोलते. काय चाललंय म्हणून तिनं निखिलला विचारलं आणि काकूंकडे वळली. "माजी, बेबी का हार्ट नीचे गया, मशीन बोला, डॉक्टर रुका. घर में कौन बोलता?"

काकू खुर्चीवर बसल्या.

परतताना गाडीत मोठ्या राऊंडअबाउटपाशी सुजाता एकदम म्हणाली, "वहिनी, काल हात पुढे गेलाच होता माझा." मी आरशात बघितलं. ती हात पदराखाली घेऊन बसली होती.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. थिएटरमध्येही एकच माणूस. काकू आपणहून म्हणाल्या, "सुजाता, तूच जा."

"नको काकू, निखिलला जाऊ दे. बाप आहे तो."

"ताई, आय विल फेंट," निखिल म्हणाला. चेहरा पांढराफटक.

"पडद्यापलीकडे बघूच नकोस. तिच्या कपाळाकडे बघ, आणि हात सोडू नकोस. यल्ला, जा."

गेला आणि पडला नाही. मुलगी झाली. एमाननं बाहेर येऊन सांगितलं, तर काकूंचा पहिला प्रश्न, "ऑपरेशननं झालेली पायाळू धरतात का गं?" पायांकडून जन्मलेल्याची लाथ बसली की पाठीची उसण जाते, हे एमानला हिंदीत समजावताना सुजाताची तारांबळ उडाली. "माय बॅक फर्स्ट," एमान कंबर धरून म्हणाली.

शुभ्राला खोलीत आणल्यावर एमान बाळाला तिच्या छातीशी लावून देत होती. शुभ्राचे ओठ सुकलेले. "ताई, पाणी," ती पुटपुटली. काकू बाटली घेऊन उठल्याच. सुजातानं त्यांचा हात धरला आणि एमानकडे बघितलं.

"सिस्टर, थोडा पानी?"

"अभी नहीं. होंठ गीला करो."

सुजातानं कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि काकूंच्या हातात दिला. "काकू, तुम्ही बसा तिच्याजवळ."

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या आणि सुनेच्या ओठांवरून बोळा हळूहळू फिरवू लागल्या.