हळदीचा रंग उडाला तो शनिवार

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. चकवा, मागून आलेली हाक, पिंपळाखालची बाई... मी सोन्याच्या खाणीच्या लॅबमध्ये काम करते. जे टेस्टमध्ये येत नाही ते नसतं, एवढं साधं माझं गणित. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण लिहिते, कारण ती कुठेतरी काढायलाच हवी.

आम्ही ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत राहतो. माझा नवरा समीर, त्याचं दीड वर्षापूर्वी पर्थला लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. कुणा अनोळखी माणसाचं लिव्हर. त्याच्या घरचे तसल्या दुःखातही हो म्हणाले, म्हणून माझं कुंकू शाबूत राहिलं. आणि हा माणूस काय करतो? जानेवारीत अंगाला खाज सुटली, तर गप्प! ब्लड टेस्ट होती, ती "खाणीवर दुरुस्तीचं शटडाऊन आहे गं, नंतर करतो" म्हणून पुढे ढकलली. एकदा नाही, दोनदा.

त्यात नाशिकहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "कोरड्या हवेची खाज आहे रे ती. साय-हळद लाव, जाईल." झालं! साहेब रोज हातापायांना हळद चोपडून बसायला लागले. कातडी पिवळी दिसायला लागली, तर आम्ही म्हणतोय हळदीची आहे. डोळे पिवळट, तर म्हणे खाणीची धूळ. हळद माखलेल्या माणसात कावीळ शोधणार कोण? ही चूक जगात फक्त आपणच करू शकतो.

तो शनिवार. सकाळी मी त्याच डब्यातली हळद घालून वरण केलं होतं, चांगलं पिवळंधमक. दुपारी लेपासाठी डबा उघडला आणि आत... पांढरं. मैद्यासारखं पांढरं. वास मात्र हळदीचाच. सायीत कालवून पाहिली — तरी पांढरी.

माझं डोकंच सटकलं. इथल्या इंडियन दुकानदाराला फोन लावला.

"भैया, हल्दी के नाम पे क्या बेच रहे हो?"

"मॅडम, वही हल्दी मेरे घर में भी है. एकदम पीली है."

"खोटं बोलतोय मेला," म्हणत मी समीरला अंगणात ओढलं आणि तो लेप त्याच्या हातावर थापला. "बघ, काय विकतात ते!"

भर उन्हात तो पांढराफटक लेप, आणि त्याच्या कडेने समीरची पिवळी कातडी. मी त्याचा टीशर्ट वर केला. पोटाला तर आम्ही हळद कधी लावलीच नव्हती. तेही पिवळं.

"गॉगल काढ."

"अगं, ऊन बघ किती..."

"काढ म्हणते ना!"

डोळे लिंबासारखे झाले होते.

तसाच गाडीत घालून इमर्जन्सीला नेला. सुई लावायला नर्सने त्याचा हात पुसला आणि विचारलं, "हे काय लावलंयस, मेट? पीठ?" म्हणजे तिलाही पांढरंच दिसलं. हे लक्षात ठेवा.

तिथून विमानाने पर्थ. नवं लिव्हर आणि समीरची स्वतःची पित्तनलिका जिथे शिवून जोडली होती, नेमकी तिथेच ती आवळली गेली होती. पित्त तुंबून अंगात भिनत होतं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, फुग्याने ती जागा रुंद केली आणि आत बारीक नळी बसवली. म्हणाल्या, "आणखी थांबला असतात तर इन्फेक्शन होऊन हे लिव्हरही गेलं असतं."

मी वॉर्डातच समीरवर ओरडले. "ते तुझ्या एकट्याचं आहे का रे?" तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला रडू दिलं.

घरी आल्यावर डबा उघडला. हळद पिवळी! चिमूटभर लॅबमध्येसुद्धा नेऊन पाहिली. शुद्ध हळद.

सासूबाई म्हणतात, कुलदेवीने दाखवलं. समीर म्हणतो, ज्याचं लिव्हर त्याने. मला माहीत नाही. मला फक्त राग येतो — कुणी सांगणारं होतंच, तर पहिल्या खाजेलाच का नाही सांगितलं?

आता दर काही महिन्यांनी पर्थला जाऊन ती नळी बदलावी लागते. ब्लड टेस्टला मीच त्याला धरून नेते. आणि रोज सकाळी डबा उघडून बघते. हळद पिवळी दिसली की झाकण लावते. मग समीरला खिडकीपाशी उभं करून त्याचे डोळेही बघते. नुसत्या डब्यावर विश्वास ठेवायची माझी अजून तयारी नाही.