पुसलेल्या नावाची जागा

गोंदिया स्टेशनवर सिग्नलचे कंदील पुसणारा एक माणूस होता. मॅट्रिकच्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी काचांवर चित्रं रंगवून पडद्यावर वाघाची गोष्ट दाखवायची ठरवली, तेव्हा दिवा सांभाळायला तोच आला. काच रॉकेलच्या चिंधीनं पुसायची, उजेडासमोर धरायची आणि नाक मुरडायचं, ही त्याची सवय.

काचा वाटून घेतल्यानं पाच जणांचे पाच वाघ झाले. माझा तर बकरीसारखा. आम्ही भांडू लागलो.

"झगडून काऊन राहिले?" तो म्हणाला. "आमच्यात एक तेल भरते, एक वात कापते, मी काच पुसतो. सगळे वाघ एकानंच आखा, पट्टे दुसऱ्यानं, डोरे तिसऱ्यानं."

काचा धुऊन पुन्हा रंगवल्या. वाघ डोळ्यांनी जरा तिरळा झाला, पण एकच झाला.

शेवटच्या, निळ्या रंगवलेल्या काचेवर आमच्या नावांखाली त्याचंही नाव लिहिलं. "मले नाव कायले?" म्हणत त्यानं ते रॉकेलच्या अंगठ्यानं रंगासकट पुसलं. म्हणून इथंही लिहीत नाही.

शाळेच्या अंगणात ती काच पडद्यावर आली. आमची नावं कुणाला धड वाचता आली नाहीत. त्याचं नाव पुसलेल्या जागेतून मात्र लख्ख उजेड येत होता.